लिटर ट्रेतली साक्ष

मांजराला घरी केलेल्या कच्च्या मांसाच्या आहारावर आणलं की पहिला बदल लिटर ट्रेमध्ये दिसतो. दुकानातल्या कोरड्या दाण्यांवर वाढलेलं मांजर रोज एकदा, कधी दोनदा, मऊ आणि भरपूर शी करतं. वन-रूम-किचनच्या घरात तिचा वास पार स्वयंपाकघरापर्यंत पोचतो. त्याच मांजराला कोंबडीचा कच्चा खिमा, थोडी कलेजी, दळलेलं हाड असं मिळू लागलं की काही दिवसांतच शीचं प्रमाण घटतं. लेंड्या लहान, घट्ट, सुक्या होतात. वास पुष्कळ कमी होतो. हाड जास्त पडलं असेल तर शी पांढुरकी दिसते आणि सुकल्यावर तिचा भुगा होतो. काही मांजरं एक दिवसाआड जाऊ लागतात. पाण्याचं भांडं संध्याकाळपर्यंत तसंच भरलेलं राहतं, आणि तरीही ट्रेमध्ये लघवीचे गोळे आधीपेक्षा मोठे होतात.

पुण्या-मुंबईत मांजर पाळणाऱ्या कुणाशीही या विषयावर बोला, 'रॉ'वर, म्हणजे कच्च्या मांसावर, गेलेल्या घरातून हेच वर्णन ऐकायला मिळतं, आणि ते सांगताना आवाजात खरा आनंद असतो. ज्यांच्या मांजराला वर्षभर जुलाब होत होते, औषधांचे कोर्स झाले, महागडी पाकिटं झाली, त्यांना ट्रेमधली पहिली घट्ट लेंडी म्हणजे सुटकाच वाटते. मला त्या आनंदावर पाणी ओतायचं नाही. तो बदल खरा आहे, तो प्रयोगशाळांतही दिसला आहे. फक्त त्या एका बदलावरून पुढचे जे दोन निष्कर्ष काढले जातात, ते तपासून पाहायला हवेत. पहिला, की हा गुण मांसाच्या कच्चेपणाचा आहे. दुसरा, की पोट सुधारलं म्हणजे आहार पूर्ण झाला. दुसऱ्या निष्कर्षाने मांजरं मेली आहेत.

आधी बदलाची कारणं. मांजर हा सक्तीचा मांसाहारी प्राणी आहे. त्याच्या आतड्याची लांबी शरीराच्या लांबीच्या साधारण चौपट असते. कुत्र्याची सहापट, मेंढीची पंचवीस पटींच्या आसपास. इतक्या आखूड नळीत चोथा कुजवत, आंबवत बसायला जागाच नाही. लाळेत स्टार्च फोडणारं विकर नाही, स्वादुपिंडातून येणारंही कुत्र्याच्या मानाने फारच थोडं. जेवणात साखर वाढवली तर बहुतेक प्राण्यांचं आतडं ती शोषण्याची क्षमता वाढवतं, मांजराचं वाढवत नाही. गोड चवही त्याला कळत नाही. गोडाची जाणीव करून देणाऱ्या दोन जनुकांपैकी एक मांजरात निकामी आहे, हे फिलाडेल्फियाच्या मोनेल संस्थेतल्या संशोधकांनी २००५ मध्ये दाखवलं. वाघ आणि चित्त्यातही तसंच आहे. शिजवलेला स्टार्च मांजराला माफक प्रमाणात पचतो हे खरं, नाही तर दाण्यांवर एवढी मांजरं जगलीच नसती. पण त्याच्या शरीराची सगळी मांडणी प्रथिनांसाठी आणि चरबीसाठी झालेली आहे. प्रथिन फोडून त्यापासून ऊर्जा करण्याचं यकृतातलं काम बाकीच्या प्राण्यांत जेवणातली प्रथिनं कमी झाली की मंदावतं. मांजरात ते फारसं मंदावत नाही. म्हणून मांजराला प्रथिनांचा उपास परवडत नाही. १९७८ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस शाखेत मॉरिस आणि रॉजर्स यांनी मांजरांना आर्जिनिन हे एकच अमिनो आम्ल वगळलेलं जेवण दिलं. फक्त एक जेवण. काही तासांत रक्तात अमोनिया साचला, मांजरं ओकू लागली, लाळ गाळू लागली.

आता ट्रेमधल्या गोष्टींचा उलगडा सोपा होतो. कोरड्या दाण्यांत पाणी जेमतेम दहा टक्के, कच्च्या मांसात सत्तर-पंचाहत्तर. मांजर पाणी खाण्यातूनच घेतं, म्हणून भांडं भरलेलं राहतं आणि लघवी पातळ व जास्त होते. मूतखड्याची सवय असलेल्या बोक्यांसाठी हा मोठाच फायदा आहे. मांसाचा बहुतेक भाग लहान आतड्यातच शोषला जातो, मोठ्या आतड्यापर्यंत पोचतंच थोडं, म्हणून शी कमी. दाण्यांसारखा न पचलेला स्टार्च आणि तंतू तिथे आंबायला, पाणी धरून ठेवायला उरत नाहीत, म्हणून ती सुकी. हाडातला कॅल्शियम तिला पांढरी आणि ठिसूळ करतो. कलेजी, हृदय अशा रक्ताळ भागांचं प्रमाण वाढलं तर ती गडद होते. मात्र डांबरासारखी काळी, चिकट शी दिसली तर ती कलेजीवर ढकलू नका. ते जठरातल्या किंवा आतड्यातल्या रक्तस्रावाचं चिन्ह असू शकतं आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठावा लागतो.

आपल्याकडच्या जुन्या मांजरांचं काय, असं कुणी विचारील. वाड्यातली मनी दूध-पोळी खाऊन दहा-बारा वर्षं जगायची. पण दूध-पोळी हा तिचा पाहुणचार होता, जेवण माळ्यावर आणि बळदात होतं. मोकाट मांजरं प्रत्यक्ष काय खातात, यावरचे जगभरचे अभ्यास प्लांटिंगा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये एकत्र केले. या मांजरांच्या रोजच्या ऊर्जेतला ५२ टक्के वाटा प्रथिनांचा, ४६ टक्के चरबीचा आणि २ टक्के कर्बोदकांचा निघाला. उंदीर, पाल, पक्षी, नाकतोडा, सगळं धरून. उंदीर पूर्ण खाल्ला जातो. त्यात मांस आहे, हाड आहे, यकृत आहे, मेंदू आहे, केस आहेत. आठव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये मनीचा पाहुणचार तेवढा आला, बळद मागे राहिलं. प्रौढ मांजरांना दुधातली साखर नीट पचत नाही, हे वेगळंच. शहरातल्या कित्येक मांजरांचे न थांबणारे जुलाब घरातल्या माणसांनी प्रेमाने दिलेल्या बशीभर दुधामुळे असतात.

हा सगळा भाग कच्च्या मांसाच्या बाजूने बोलतो. आता डेव्हिसमधलीच दुसरी गोष्ट सांगायला हवी. ती या विषयात सर्वांत महत्त्वाची आहे, आणि 'रॉ'चा प्रचार करणारे बहुधा तिचा अर्धाच भाग सांगतात.

२००० च्या सुमारास तिथल्या पशुवैद्यक महाविद्यालयात आतड्याच्या विकारांवर आहाराचा काय परिणाम होतो, ते पाहायला एक प्रयोग झाला. अँजेला ग्लासगो, नील्स पेडरसन आणि त्यांचे सहकारी तो करत होते. पेडरसन हे मांजरांच्या विषाणुजन्य रोगांवरचं मोठं नाव. २२ मांजरं घेतली. निम्म्यांना चांगल्या कंपनीचं तयार खाद्य, निम्म्यांना अख्खा ससा दळून, कच्चा. केस, हाडं, आतडी, सगळ्यासकट. मांजराच्या नैसर्गिक शिकारीच्या इतकं जवळ जाणारं दुसरं काही प्रयोगशाळेत देता येणार नाही. आठवड्याभरात फरक दिसला. सशावरच्या मांजरांची शी घट्ट, बांधीव, जवळजवळ बिनवासाची झाली. तयार खाद्यावरच्यांची मऊ ते पातळ आणि दुर्गंधी राहिली. मांजरं तुकतुकीत दिसत होती. प्रयोग इथेच थांबला असता तर हा लेख लिहिण्याची गरजच नव्हती.

तो दहा महिने चालला, आणि शेवटाकडे सशावरचं एक मांजर अचानक मेलं. शवविच्छेदनात हृदय फुगलेलं, स्नायू पातळ झालेले आढळले. टॉरिनच्या अभावाने होणारा हृदयविकार. मग त्या गटातल्या उरलेल्या मांजरांची तपासणी केली, तेव्हा सुमारे ७० टक्क्यांच्या हृदयाच्या स्नायूंत तशाच प्रकारचे बदल सापडले. त्यांची पोटं मात्र उत्तम चालली होती. मेलेल्या मांजराच्या ट्रेमध्येही तक्रारीला जागा नव्हती.

टॉरिन हे गंधक असलेलं अमिनो आम्ल. माणूस आणि कुत्रा ते शरीरात तयार करतात. मांजर पुरेसं करू शकत नाही, आणि वर पित्तातून ते सतत गमावतं. १९७५ मध्ये संशोधक हेझ यांनी दाखवलं की ते कमी पडलं की मांजराचं दृष्टिपटल झिजत जातं आणि शेवटी मांजर आंधळं होतं. हृदयाचा संबंध कळायला आणखी बारा वर्षं लागली. १९८७ मध्ये पॉल पायन, मार्क किटलसन, रॉजर्स आणि मॉरिस यांनी तो 'सायन्स' या नियतकालिकात मांडला. फुगलेल्या हृदयाची, मरणाच्या दारातली मांजरं टॉरिन दिल्यावर बरी झाली होती. त्यांपैकी बरीच मांजरं दुकानातल्या तयार खाद्यावर वाढलेली होती. कंपन्यांनी त्यानंतर टॉरिनचं प्रमाण वाढवलं आणि तो विकार तयार खाद्यावरच्या मांजरांत दुर्मीळ झाला. आता तो पुन्हा दिसतो तो बहुधा प्रेमाने घरी केलेल्या जेवणातून. सशाच्या मांसात टॉरिन मुळातच कमी. शिवाय मांस दळलं की पेशी फुटतात, जिवाणूंना वाव मिळतो आणि जे आहे तेही घटतं. उंदीर ताजा आणि अख्खा खाल्ला जातो. खिमा दळून, पिशवीत भरून, दोन दिवसांनी खाल्ला जातो. नैसर्गिक आहाराची नक्कल इथे फसते.

यात आणखी मागे जाऊन एक नाव घ्यावं लागतं. कॅलिफोर्नियातल्या मॉनरोव्हिया इथले डॉक्टर फ्रान्सिस पॉटिंजर यांनी १९३२ ते १९४२ या दहा वर्षांत सुमारे ९०० मांजरांवर निरीक्षणं केली. कच्च्या मांसावरची मांजरं निरोगी राहिली, शिजवलेल्या मांसावरच्यांची पिढी दर पिढी दुर्बळ होत गेली. 'रॉ'च्या चळवळीत हे प्रयोग आजही मूळ पुरावा म्हणून सांगितले जातात. पॉटिंजरनी जे पाहिलं ते खोटं मानण्याचं कारण नाही. पण त्या काळी टॉरिन मांजराला बाहेरून लागतं, हेच कुणाला माहीत नव्हतं. शिजवताना टॉरिन पाण्यात उतरतं आणि पाणी फेकलं की जातं. त्यांची शिजवलेल्या मांसावरची मांजरं बहुधा त्यालाच मुकली. पॉटिंजरचं शिजवलेलं मांस आणि डेव्हिसचा कच्चा ससा, दोन्हींतून एकच धडा निघतो. टॉरिन वेगळं मोजून घातलं पाहिजे. कच्चेपणा त्याची हमी देत नाही.

मग ट्रेमधली सुधारणा तरी कच्चेपणाची आहे का? या प्रश्नावर नेमकं बोट ठेवणारा प्रयोग इलिनॉय विद्यापीठात कॅथरीन केर, केली स्वॉन्सन आणि सहकाऱ्यांनी केला. तो २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. तीन आहार: यंत्रातून काढलेले भरपूर प्रथिनांचे दाणे, कच्चं गोमांस, आणि तेच गोमांस शिजवलेलं. मांसाचे दोन्ही आहार दाण्यांपेक्षा जास्त पचले, दोन्हींवर शी कमी झाली. आणि कच्चं व शिजवलेलं यांत पचनाच्या दृष्टीने फरक निघाला नाही. म्हणजे ज्या घट्ट लेंडीसाठी माणसं कच्च्या मांसाची जोखीम घेतात, ती लेंडी शिजवलेल्या मांसावरही मिळते. गुण मांसाचा, पाण्याचा आणि स्टार्च नसण्याचा आहे. मला ही या विषयातली सर्वांत उपयोगाची माहिती वाटते, आणि ती मांजरवाल्यांपर्यंत इतकी कमी पोचावी याचं वाईट वाटतं.

आतड्यातले जिवाणू मात्र खरोखर बदलतात. न्यूझीलंडच्या मॅसी विद्यापीठातल्या क्रिस्टिना बुटोव्स्की आणि सहकाऱ्यांच्या २०१९ च्या अभ्यासात कच्च्या मांसावरच्या मांजरांच्या शीत प्रथिनं फोडणारे जिवाणू, म्हणजे क्लॉस्ट्रिडियम, फ्युझोबॅक्टेरियम वगैरे वाढलेले दिसले. दाण्यांवर असताना प्रिव्होटेलासारखे कर्बोदकं आंबवणारे जास्त होते. माणसाच्या बाबतीत क्लॉस्ट्रिडियम म्हटलं की भीती वाटते. मांजरात ते तसं नाही. त्या कुळातली एक जात तर पित्ताम्लांचं रूपांतर करून आतड्याचं आरोग्य राखते, आणि ती नाहीशी होणं हेच बिघाडाचं लक्षण धरतात. मांसभक्षक प्राण्याच्या पोटात मांस पचवणारी वस्ती असणार, हे उघड आहे. बुटोव्स्कींनी त्याच कच्च्या मांसात इन्युलिन आणि सेल्युलोज हे वनस्पतींचे तंतू मिसळले, तेव्हा ही वस्ती पुन्हा बदलली.

तंतूंचा हा मुद्दा घरगुती आहारात हमखास सुटतो. बेल्जियममधल्या गेंट विद्यापीठाच्या सारा देपाऊ यांनी पाळीव मांजरांऐवजी बंदिवासातल्या चित्त्यांवर काम केलं. प्राणिसंग्रहालयातल्या चित्त्यांना जठराचे आणि आतड्याचे विकार फार होतात. त्यांना एकदा जीवनसत्त्वं घातलेलं निव्वळ गोमांस दिलं, आणि एकदा अख्खा ससा. सशावर असताना शी जास्त बांधीव झाली आणि प्रथिनं कुजून तयार होणारे इंडोल, फेनॉल असे पदार्थ घटले. केस, कूर्चा, कातडी, स्नायुबंध हे न पचणारे भाग मांसाहाऱ्याच्या मोठ्या आतड्यात तेच काम करतात जे आपल्या पोटात भाजीचे तंतू करतात. चिकनच्या दुकानातून आणलेल्या बोनलेस खिम्यात यातलं काहीच नसतं. म्हणून निव्वळ खिम्यावरच्या मांजराची शी सुरुवातीला छान दिसते, आणि काही महिन्यांनी तेच मांजर ट्रेमध्ये कुंथत बसलेलं दिसतं.

कुंथणाऱ्या मांजराची कारणं दोन टोकांची असतात. हाड जास्त झालं की शी खडूसारखी होते, मोठ्या आतड्यात अडकते. हे पुन्हा पुन्हा झालं तर आतडं ताणून सैल पडतं आणि मग आयुष्यभर एनिमा आणि औषधं. उलट टोकाला हाड मुळीच नसणं. स्नायूंच्या मांसात कॅल्शियम आणि फॉस्फरसचं प्रमाण एकास पंधरा-वीस असतं, हवं असतं एकास एकच्या आसपास. वाढत्या पिल्लाला निव्वळ मांस दिलं की शरीर रक्तातला कॅल्शियम टिकवण्यासाठी हाडं पोखरतं. पिल्लू लंगडतं, उडी मारताना हाड मोडतं, कटीची हाडं वाकून आतली वाट अरुंद होते आणि मग बद्धकोष्ठ. घरचे समजतात पोट बिघडलं, बिघडलेला असतो सांगाडा. पर्शियन पिल्लू हौसेने आणून त्याला फक्त उकडलेलं चिकन भरवणाऱ्या घरांनी हे लक्षात ठेवावं. इथे कच्चं-शिजवलेलं हा भेदच नाही.

कलेजीचंही तसंच. मांजराला ती फार आवडते, स्वस्तही मिळते, आणि एकदा चटक लागली की दुसऱ्या कशाला तोंड लावत नाही. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडमधल्या सीराइट आणि सहकाऱ्यांनी १९६० च्या दशकात दाखवलं की रोज कलेजीवर जगणाऱ्या मांजरांत 'अ' जीवनसत्त्व साचून मानेचे मणके एकमेकांना जुळतात. मान ताठ होते, मांजर अंग चाटणं सोडतं. कोकणातल्या आणि गोव्यातल्या घरांचा प्रश्न माशांचा. काही माशांत कच्चेपणी 'ब१' जीवनसत्त्व नष्ट करणारं विकर असतं. फक्त कच्च्या माशांवर ठेवलेलं मांजर आधी जेवण टाकतं, ओकतं, मग मान खाली वाकते, झटके येतात. शिजवलं की ते विकर निकामी होतं. तारलीसारखे तेलकट मासे रोजचे झाले आणि 'ई' जीवनसत्त्व कमी पडलं तर कातडीखालची चरबी सुजते, मांजर अंगाला हात लावू देत नाही. बंदरावरच्या मांजराला ही बाधा कमी, कारण ते मासळीबरोबर उंदीरही मारतं.

आहार बदलण्याच्या दिवसांत जे होतं त्याकडे वेगळं पाहावं लागतं. पहिल्या आठवड्यात शीवर थोडा शेंबडासारखा चिकटा, एखाद-दुसरा जुलाब, रिकाम्या पोटी पिवळं पाणी ओकणं, हे दिसू शकतं आणि बहुतेक वेळा आपोआप थांबतं. 'शरीरातलं विष बाहेर पडतंय' असं त्याचं स्पष्टीकरण सर्रास दिलं जातं. ते चुकीचं आहे आणि धोक्याचं आहे, कारण त्याच्या भरवशावर माणसं तीन-चार दिवस जुलाब बघत बसतात. पिल्लू तेवढ्यात शुष्क पडून दगावू शकतं. त्याहून मोठा धोका उपासाचा. 'भूक लागली की खाईल' हा नियम कुत्र्याला चालेल, मांजराला नाही. जाड मांजर दोन-तीन दिवस काही न खाता राहिलं तर अंगातली चरबी यकृतात धाव घेते, यकृत तुंबतं, डोळे-हिरड्या पिवळ्या पडतात. यातून वाचवायला आठवडेच्या आठवडे नळीने भरवावं लागतं. म्हणून जुन्या जेवणात चमचा-चमचा नवं मिसळत दहा दिवस, हट्टी मांजराला महिनाही, घेतला तरी चालेल. एक पूर्ण दिवस उपाशी गेला की जुनं जेवण परत ठेवायचं.

आता जंतूंचं. कच्च्या मांसाच्या बाजूने सांगितलं जातं की मांजराच्या जठरातलं आम्ल तीव्र, आतडं आखूड, जंतू टिकतच नाहीत. मांजर आपल्यापेक्षा चिवट आहे हे खरं. पण मोकाट मांजरं आजारी पक्षी खाऊन साल्मोनेलाने तापतात हे पशुवैद्यांना नेहमी दिसतं, आणि जे मांजर तापत नाही ते शीतून जंतू बाहेर टाकत राहतं. नेदरलँड्समध्ये उट्रेख्त विद्यापीठाने २०१८ मध्ये गोठवलेल्या कच्च्या पाळीव खाद्याची ३५ पाकिटं तपासली. ५४ टक्क्यांत लिस्टेरिया, २० टक्क्यांत साल्मोनेला, २३ टक्क्यांत ई. कोलायचा घातक प्रकार, आणि ८० टक्क्यांत प्रतिजैविकांना दाद न देणारे ई. कोलाय. दोन पाकिटांत टॉक्सोप्लाझ्मा हा परजीवी. हे युरोपातलं, शीतसाखळीतलं, पाकीटबंद मांस. आपल्याकडे मे महिन्यात दुपारी लाकडी ठोकळ्यावर कापलेली, पातळ पिशवीत घरी आलेली कोंबडी त्याहून स्वच्छ असेल, असं कोण म्हणेल? गोठवल्याने परजीवी मरतात, जिवाणू नुसते झोपतात. त्याच सुमारास ब्रिटनमध्ये घराबाहेर कधीही न पडलेल्या मांजरांना गोवंशीय क्षयरोग झाला. त्याचा माग हरणाच्या कच्च्या मांसापासून केलेल्या खाद्यापर्यंत गेला.

हा परदेशातला प्रश्न म्हणून सोडून देता येत नाही. नागपूरच्या गोरेवाडा बचाव केंद्रात २०२४ च्या डिसेंबरअखेर तीन वाघ आणि एक बिबट्या मेला. भोपाळच्या प्रयोगशाळेने एच५एन१, म्हणजे बर्ड फ्लूचं निदान केलं. संशय त्यांना घातल्या जाणाऱ्या कच्च्या कोंबडीकडे गेला. त्यानंतर काही आठवड्यांतच मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात पाळीव मांजरांत हाच विषाणू सापडला. अमेरिकेत ओरेगॉनमध्ये त्याच डिसेंबरात टर्कीच्या कच्च्या गोठवलेल्या खाद्याने घरातलं मांजर दगावलं आणि कंपनीला माल परत घ्यावा लागला. थायलंडमधल्या सिराचा व्याघ्र प्राणिसंग्रहालयाने २००४ मध्ये ४४१ पैकी १४७ वाघ गमावले. काही विषाणूने मेले, काहींना प्रसार थांबवण्यासाठी मारावं लागलं. त्यांनाही कच्च्या कोंबड्या घातल्या जात. या विषाणूपुढे जठराचं आम्ल आणि आतड्याचा आखूडपणा मांजराला वाचवत नाही, आणि फ्रीजरही विषाणूला मारत नाही. नीट शिजवणं मारतं.

घरात आणखी कोण राहतं, हेही धरावं लागतं. रांगणारं मूल, केमोथेरपी घेणारे आजोबा, गरोदर सून. कच्च्या मांसातून टॉक्सोप्लाझ्मा झालेलं मांजर एक-दोन आठवडे शीतून त्याची बीजं टाकतं. ती रोगकारक व्हायला एक ते पाच दिवस लागतात, म्हणून ट्रे रोज साफ करायचा, आणि गरोदर बाईने तो करायचा नाही. मांजराला घराबाहेर काढा असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. मांस शिजवा.

राहिला प्रश्न पाककृतींचा. डेव्हिसमधल्याच संशोधकांनी २०१९ मध्ये मांजरांसाठीच्या घरगुती जेवणाच्या ११४ कृती जमवल्या. काही पुस्तकांतल्या, काही इंटरनेटवरच्या, त्यांतल्या काही पशुवैद्यांनी लिहिलेल्याही. हिशेब करण्याइतका तपशील ९४ कृतींतच होता. त्या ९४ पैकी मांजराच्या सगळ्या गरजा पुऱ्या करणारी एकही निघाली नाही. काहींत मांजराला अपाय करणारे पदार्थही होते. आपल्या घरात ते पदार्थ ठरलेले आहेत: कांदा आणि लसूण. त्यांनी मांजराच्या तांबड्या रक्तपेशी फुटतात. माणसांसाठी वाटण लावलेल्या चिकनमधला तुकडा धुऊन देणं हा उपाय नव्हे.

माझं मत यातून पक्कं झालं आहे. मांजराला मांस द्यावं, भरपूर द्यावं, आणि ते शिजवलेलं असावं. ज्यांना वेळ आणि चिकाटी नाही त्यांनी चांगलं, पूर्ण आहार म्हणून लिहिलेलं ओलं खाद्य द्यावं. त्यातही पाणी भरपूर आणि स्टार्च कमी असतो. त्यात कमीपणा काही नाही. ज्यांना घरीच करायचं आहे त्यांनी कोंबडीचं मांडीचं मांस, हृदय, थोडीच कलेजी थोड्या पाण्यात मंद शिजवावी आणि ते पाणी जेवणातच मिसळावं, कारण टॉरिन त्यात उतरलेलं असतं. तरीही टॉरिन वेगळं घालावं. शिजवलेलं हाड कधी देऊ नये, ते टोकदार फुटून आतडं फाडतं. कॅल्शियमसाठी अंड्याच्या टरफलाची बारीक पूड चालते. अर्धा किलो बिनहाडाच्या मांसाला साधारण तीन ग्रॅम, म्हणजे सपाट अर्धा चमचा. पण मूत्रपिंडाचा आजार असलेल्या मांजराचा हिशेब वेगळा असतो. तंतूंसाठी चमचाभर शिजवलेला लाल भोपळा पुरतो. आयोडीन, जस्त, 'ई' आणि 'ब१' जीवनसत्त्वं यांची भरपाई अंदाजाने होत नाही. त्यासाठी आहारशास्त्र शिकलेल्या पशुवैद्याकडून कृती वजनानिशी लिहून घ्या आणि 'आज जस्ताची पावडर संपली' म्हणून तिच्यात बदल करू नका.

आणि जे आधीच महिनोन् महिने घरच्या मांसावर मांजर ठेवून आहेत, कच्च्या किंवा शिजवलेल्या, त्यांना एक विनंती. शी उत्तम आहे, अंग तुकतुकीत आहे, म्हणून थांबू नका. सशावरच्या त्या मांजरांचंही तसंच होतं. या दिवाळीच्या सुट्टीत एक सकाळ काढा, मांजराला पशुवैद्याकडे न्या, ते काय आणि किती खातं याची यादी बरोबर ठेवा, आणि त्याच्या हृदयाचा इको करून घ्या. टॉरिनच्या अभावाने फुगलेलं हृदय वेळेत कळलं तर बहुतेकदा सावरता येतं.